आधी पाखडणी, मग मोजणी: न्यूट्रिनोच्या शोधातली कोलारची वाट

खानापूर तालुक्यात भाताची मळणी झाली की धान्य लगेच पोत्यात जात नाही. आधी ते वाऱ्यावर धरतात, फोल उडून जाते, मग मापाला हात लागतो. वैश्विक किरण (अवकाशातून पृथ्वीवर येणारे वेगवान कण) आणि न्यूट्रिनो (विद्युतभार नसलेले, कशाशीही क्वचितच धडकणारे सूक्ष्म कण) यांच्या शोधाचा शंभर वर्षांचा इतिहासही याच क्रमाने चालत आला. उपकरणे बदलली, जागा बदलल्या, पण नको असलेले कण बाजूला कसे काढायचे हा पेच प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागला. त्याची एक पक्की सोडवणूक आपल्याच राज्यात, कर्नाटकात झाली, बेळगावपासून सुमारे सहाशे किलोमीटरवर, कोलारच्या सोन्याच्या खाणीत. आपल्या भागातल्या विज्ञानाच्या वर्गात हे नाव फारसे घेतले जात नाही. ते घेतले जायला हवे.

सुरुवात हवेतून झाली. बंद भांड्यातल्या हवेतही थोडी वीज वाहते, ती जमिनीतल्या किरणोत्सारामुळे, असा समज होता. ७ ऑगस्ट १९१२ रोजी व्हिक्टर हेस फुग्यातून सुमारे ५,३०० मीटर उंच गेले. वर जाताना हा प्रभाव आधी किंचित घटला आणि नंतर वाढतच गेला. म्हणजे किरण वरून येत होते. १९३८ च्या सुमारास पिएर ओझे यांनी एकमेकांपासून दूर ठेवलेले मोजक एकाच क्षणी वाजतात हे दाखवले. एक जोरकस कण वातावरणात शिरतो, हवेतल्या अणुकेंद्राला धडकतो आणि त्यातून लाखो कणांची सर खाली उतरते. अशा सरीचा इलेक्ट्रॉन आणि प्रकाशकणांचा भाग कसा वाढतो याचे गणित होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी १९३७ मध्येच मांडले होते. युद्धामुळे भाभा भारतातच अडकले आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी वैश्विक किरणांच्या संशोधनाचा विभाग उभा केला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे कामही १९४५ मध्ये बंगळुरूतच सुरू झाले आणि त्याच वर्षी मुंबईला हलले.

या सरीतले म्यूऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखेच पण बरेच जड कण, जमिनीपर्यंत पोचतात. आडव्या धरलेल्या दर चौरस सेंटीमीटरमधून मिनिटाला साधारण एक, हा समुद्रसपाटीचा हिशेब. उघड्या तळहातातून सेकंदाला एखादा तरी जातोच. घर कौलारू असो की स्लॅबचे, फरक नगण्य: १५ सेंटीमीटर काँक्रीट म्यूऑनची जेमतेम ७० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा खाते आणि त्याच्याकडे सरासरी चार अब्ज असतात. वातावरणातल्या त्याच टकरींतून न्यूट्रिनोही निघतात, पण ते पृथ्वी आरपार करून जातात आणि क्वचितच एखादा खडकात अडखळून म्यूऑन देतो. तो एक म्यूऑन वरून कोसळणाऱ्या म्यूऑनच्या पावसात ओळखायचा कसा? डोक्यावर किलोमीटरभर खडक घ्यायचा, एवढाच उपाय.

१९५० च्या दशकाच्या आरंभी भाभांच्या सांगण्यावरून बी. व्ही. श्रीकंठन यांनी कोलारच्या खाणीत वेगवेगळ्या खोलींवर म्यूऑन मोजायला सुरुवात केली. पुढे मियाके, नरसिंहम आणि रमण मूर्ती यांनी ही मोजणी २,७६० मीटरपर्यंत नेली. तिथे सुमारे दोन महिने यंत्र चालू होते आणि एकही म्यूऑन आला नाही. एरवी असा शून्य म्हणजे प्रयोग वाया. इथे त्याचा अर्थ होता की फोल संपले, आता जो येईल तो दाणा. न्यूट्रिनोचा प्रयोग याच शून्याच्या भरवशावर बेतला गेला.

टाटा संस्था, इंग्लंडचे डरहॅम विद्यापीठ आणि जपानचे ओसाका शहर विद्यापीठ यांनी मिळून २.३ किलोमीटर खोलीवर दुर्बिणी उभ्या केल्या. कोलारचा खडक पाण्याच्या तिप्पट जड, त्यामुळे हे आवरण सुमारे सात किलोमीटर पाण्याच्या तोडीचे होते. यंत्राची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. सिंटिलेटर प्लास्टिकच्या पत्र्यांच्या दोन भिंती समोरासमोर उभ्या, आडव्या नव्हेत. कण गेला की प्लास्टिक क्षणभर चमकते आणि फोटोमल्टिप्लायर नळी ती चमक विजेच्या ठोक्यात बदलते. दोन्ही भिंतींमधून ठोके एकाच वेळी आले तरच नोंद. भिंतींच्या मध्ये निऑन भरलेल्या, अंगठ्याएवढ्या जाडीच्या काचनळ्यांच्या रांगा. नोंद झाली की त्यांना उच्च विद्युतदाबाचा झटका बसे, ज्या नळ्यांतून कण गेला त्या उजळत आणि कॅमेरा त्यांचा फोटो घेई. उजळलेल्या नळ्या रेषेने जोडल्या की कणाचा मार्ग आणि कोन हाती येई.

भिंती उभ्या ठेवण्यामागे साधी भूमिती आहे. सरळ वरून येणाऱ्या म्यूऑनला २.३ किलोमीटर खडक पार करायचा, तर ६० अंश कलून येणाऱ्याला दुप्पट, ४.६ किलोमीटर. तेवढ्यातून कोणी वाचत नाही. मग बाजूने, जवळजवळ आडवा आलेला म्यूऑन हा आसपासच्या खडकात न्यूट्रिनोनेच घडवलेला असला पाहिजे. १९६५ मध्ये असे म्यूऑन मिळाले. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत फ्रेडरिक राइन्स यांच्या गटाला पहिली नोंद त्याच वर्षी २३ फेब्रुवारीला, कोलारच्या आधी मिळाली होती. छापून मात्र कोलारचा निबंध पंधरवडाभर आधी आला, १५ ऑगस्टला. पहिले कोण, हा वाद इथे गौण आहे. वातावरणात जन्मलेला न्यूट्रिनो पकडता येतो हे दोन खंडांत स्वतंत्रपणे सिद्ध झाले, हे मोलाचे.

दोन मोजक एकाच वेळी वाजले तरच नोंद, ही पद्धत आपल्याकडच्या एखाद्या महाविद्यालयातही करून पाहता येते. प्रकाश आत जाऊ नये म्हणून काळ्या टेपने गुंडाळलेले, २० गुणिले २० सेंटीमीटरचे सिंटिलेटरचे दोन पत्रे जवळजवळ टेकवून एकावर एक ठेवले तर सेकंदाला पाच-सहा खऱ्या जोड्या मिळायला हव्यात. प्रत्येक मोजकात सेकंदाला शंभर फुटकळ ठोके येत असतील आणि प्रत्येक ठोका १०० नॅनोसेकंद रुंदीचा असेल, तर योगायोगाच्या जोड्या तासाला सातच. पण काळ्या टेपला बारीक फट राहिली आणि ठोके सेकंदाला ५,००० वर गेले, तर खोट्या जोड्याही सेकंदाला पाच होतात, खऱ्याइतक्याच. ठोक्यांची संख्या ५० पट वाढली की खोट्या जोड्या २,५०० पट वाढतात. म्हणून अंधार करून टॉर्च फिरवायची आणि आकडा उसळला तिथे टेप लावायची. खानापूर-जांबोटीकडच्या जुलैत दुसरा त्रास: दमट हवेत उच्च विद्युतदाबाच्या जोडांवरून वीज झिरपते. जोड कोरडे पुसून पेटीत सिलिका जेल ठेवले नाही, तर पावसाळ्याचे आकडे कामाचे राहत नाहीत.

कोलारच्या प्रयोगशाळा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला थांबल्या आणि २८ फेब्रुवारी २००१ ला खाणच बंद झाली. पण १९८० च्या दशकात प्रोटॉनचा ऱ्हास शोधण्यासाठी तिथे वापरलेल्या १० सेंटीमीटर चौकोनी लोखंडी नळ्यांच्या जातीचेच ३,७१२ मोजक आज उटीच्या ग्रेप्स-३ या वैश्विक किरणांच्या प्रयोगात काम करतात. वर सुमारे दोन मीटर काँक्रीट, कारण इथे फक्त सरीतला मऊ भाग, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि प्रकाशकण, गाळायचा असतो. दिवसाला सुमारे चार अब्ज म्यूऑन मोजले गेल्यामुळे बारीक घटही दिसते. १ डिसेंबर २०१४ च्या गडगडाटात म्यूऑनची संख्या सुमारे दोन टक्क्यांनी घटली आणि त्यावरून ढगात १.३ अब्ज व्होल्टचा विद्युतदाब असल्याचे निघाले. आपल्याकडे वळीव येतो तेव्हा आभाळात काय साठलेले असते, त्याची कल्पना या आकड्यावरून येते.

ताऱ्यांपलीकडून येणारे न्यूट्रिनो इतके विरळ की खाणीतली खोली पुरत नाही. मॉइसेई मार्कोव्ह यांनी १९६० मध्येच तलाव किंवा समुद्राचे पाणी वापरा असे सुचवले होते, कारण न्यूट्रिनोच्या टकरीतून निघालेला वेगवान कण पाण्यात किंवा बर्फात चमक सोडतो. हवाईजवळचा प्रयत्न १९९० च्या दशकात सोडावा लागला, बैकाल सरोवरात तो जमला. दक्षिण ध्रुवावरच्या आइसक्यूबने १.४५ ते २.४५ किलोमीटर खोलीच्या बर्फात ८६ तारांवर ५,१६० प्रकाशमोजक लोंबकळवले. काम डिसेंबर २०१० मध्ये संपले. इथे दिवसाकाठी वातावरणातले सुमारे २७५ न्यूट्रिनो येतात, म्हणजे कोलारचा दाणा इथे स्वतःच फोल झाला. बाहेरच्या थरात पहिली चमक दिसली तर ती घटना टाकायची, आत सुरू झालेलीच ठेवायची, या नियमाने दोन वर्षांच्या नोंदींतून २०१३ मध्ये २८ घटना उरल्या. २२ सप्टेंबर २०१७ ला आलेल्या एका न्यूट्रिनोची दिशा दूरच्या एका धगधगत्या दीर्घिकेशी जुळली.

१३ फेब्रुवारी २०२३ रोजी सिसिलीजवळ भूमध्य समुद्रात साडेतीन किलोमीटर खोल बसवलेल्या केएम३नेट या न्यूट्रिनो दुर्बिणीतून एक म्यूऑन गेला. त्याला जन्म देणाऱ्या न्यूट्रिनोची ऊर्जा २२० दशलक्ष अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास धरली जाते, आजवरची सर्वाधिक. तो न्यूट्रिनोचाच हे ठरले ते त्याच्या कोनावरून: क्षितिजापासून जेमतेम अर्धा-पाऊण अंश वर, म्हणजे जवळपास आडवा. त्या वाटेवर सुमारे १४० किलोमीटर खडक आणि पाणी आहे आणि एवढे पार करून वातावरणातला कोणताही म्यूऑन येऊ शकत नाही.