सफारी लॉज आणि त्यांच्याखालची जमीन

आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातल्या बहुतेक खासगी सफारी लॉजचा दिनक्रम आज जवळपास सारखाच असतो. उजाडण्यापूर्वी चहा, मग उघड्या लँड रोव्हर किंवा लँड क्रूझरमधून तीनेक तासांची फेरी, बॉनेटच्या टोकाला बसवलेल्या खुर्चीवर माग काढणारा स्थानिक माणूस, दुपारी विश्रांती आणि तिसऱ्या प्रहरी सुरू होऊन अंधार पडल्यावर संपणारी दुसरी फेरी. ही पद्धत वसाहतकाळापासून चालत आली असावी, असे पर्यटकाला सहज वाटते. प्रत्यक्षात ती साधारण साठ वर्षांपलीकडे जात नाही. तिच्या मागचा इतिहास शिकारीचा, गुरांच्या रोगांचा, कुंपणांचा आणि माणसांना त्यांच्या गावांतून उठवण्याचा आहे. बोत्स्वानातला लॉज दहा-बारा तंबूंचाच का, दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानातली सरकारी छावणी शेकडो खाटांची का आणि नामिबियातल्या लॉजचा भाडेकरार गावाच्या संस्थेशी का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे जमीन कोणाची आणि तिच्यावरचे जनावर कोणाचे, याच्या निवाड्यात सापडतात.

हौसेखातर या प्रदेशात शिकारीला येण्याची प्रथा रूढ करणाऱ्यांमध्ये विल्यम कॉर्नवॉलिस हॅरिस याचे नाव आधी घ्यावे लागते आणि त्याचा आपल्याकडच्या भूमीशी थेट संबंध आहे. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातला अभियंता अधिकारी होता. प्रकृतीच्या कारणावरून रजा घेऊन तो केप वसाहतीत गेला आणि १८३६-३७ मध्ये बैलगाड्यांचा ताफा घेऊन उत्तरेकडे शिरला. मात्र शिकारीसाठी त्याला एन्डेबेले राजा म्झिलिकाझी याची परवानगी मागावी लागली. त्या काळी या जमिनीला धनी होता आणि परक्याला तो मान्य करावा लागत होता, ही गोष्ट पुढच्या शंभर वर्षांत पद्धतशीरपणे विसरली गेली. हॅरिसचा प्रवासवृत्तान्त १८३८ मध्ये मुंबईत छापला गेला आणि १८४८ मध्ये पुण्याजवळ तापाने त्याचा मृत्यू झाला. त्याच्या मागोमाग आलेल्या शिकाऱ्यांनी आणि हस्तिदंत व कातडी विकणाऱ्यांनी पन्नास वर्षांत माळराने रिकामी केली. निळसर कातडीचे ब्लूबक हे हरिण १८०० च्या सुमारासच नाहीसे झाले होते. अर्ध्या अंगावर पट्टे असलेल्या क्वागाची शेवटची मादी १२ ऑगस्ट १८८३ रोजी अॅमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेली.

त्यानंतर बुळकांडी आली. १८८० च्या दशकाच्या अखेरीस आफ्रिकेच्या ईशान्य टोकाला गुरांबरोबर उतरलेला हा रोग १८९६ मध्ये झांबेझी नदी ओलांडून दक्षिणेत पसरला. त्याने गुरे तर मारलीच, पण रानम्हशी, कुडू आणि इतर खूरवाले वन्य प्राणीही मोठ्या संख्येने मारले. गुरांवर जगणारे समाज एका-दोन हंगामांत कफल्लक झाले. रक्तासाठी प्राणीच न उरल्याने ट्रान्सवालच्या (आजच्या दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्येकडच्या, बोअर म्हणजे डचवंशी वसाहतकारांच्या गणराज्याच्या) सखल भागातून गुरांना जीवघेणा रोग लावणारी त्से-त्से माशीही नाहीशी झाली. म्हणजे ज्या काळात पहिली अभयारण्ये आखली गेली, त्या काळात जमीन माणसांनी आणि जनावरांनी भरलेली नव्हती, एका महासंकटातून नुकतीच बाहेर पडत होती. पाहणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांना हे उजाडपण नैसर्गिक वाटले आणि तेच पुढे कायद्याचा पाया झाले.

झुलूलँडमधली (आजच्या क्वाझुलू-नतालमधली) ह्लुह्लुवे आणि उम्फोलोझी ही राखीव क्षेत्रे १८९५ मध्ये जाहीर झाली. दक्षिणेकडच्या पांढऱ्या गेंड्याचे उरलेले शंभराच्या आतले प्राणी तिथेच तग धरून होते. १८९८ मध्ये अध्यक्ष पॉल क्रुगर यांच्या ट्रान्सवाल सरकारने साबी राखीव क्षेत्र जाहीर केले. बोअर युद्धानंतर १९०२ मध्ये जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन हे तिथले वॉर्डन झाले आणि १९४६ पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांनी सुरुवातीलाच केलेले काम म्हणजे क्षेत्रात राहणाऱ्या आफ्रिकी कुटुंबांना बाहेर काढणे. स्थानिकांनी त्यांना दिलेले स्कुकुझा हे नाव आज क्रुगरच्या मुख्य छावणीला आहे. हरिणांची संख्या वाढावी म्हणून त्या काळात सिंह, बिबटे आणि रानकुत्रे उपद्रवी ठरवून मारले जात. पर्यटक यायला लागले, तेव्हा त्यांना सर्वांत आधी सिंहच पाहायचा होता आणि या मागणीने सिंहाची किंमत हळूहळू बदलली. वन्यजीव पर्यटनाच्या बाजूने जे काही बोलता येते, त्यात हा मुद्दा मला खरोखर वजनदार वाटतो.

पर्यटकांना आणले ते रेल्वेने. १९२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या रेल्वेने नऊ दिवसांची एक सहल सुरू केली. गाडी साबी पुलाजवळ रात्रभर थांबे आणि प्रवाशांना रेंजरबरोबर रानात थोडे फिरता येई. सहलीच्या आखणीत दुय्यम असलेला हा मुक्कामच प्रवाशांना सर्वाधिक आवडू लागला आणि राष्ट्रीय उद्यानाच्या मागणीला त्यातून बळ मिळाले. १९२६ च्या कायद्याने क्रुगर राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. १९२७ मध्ये पहिल्या हंगामात फक्त ३ मोटारी आत गेल्या. त्यानंतर गोल झोपड्यांच्या छावण्या, रस्ते आणि पूल झाले. स्वतःची मोटार, स्वतःचे जेवण आणि फाटक बंद होण्यापूर्वी छावणीत परत, असा हा मध्यमवर्गीय गोऱ्या कुटुंबांना परवडणारा प्रवास होता. काळ्या पर्यटकांना दीर्घकाळ वेगळी आणि अगदीच साधी सोय होती. उद्यान मात्र त्यांच्याच श्रमावर चालत होते.

उद्यानाच्या पश्चिमेचा पट्टा १९२६ मध्ये सीमेबाहेर ठेवला गेला आणि तिथल्या जमिनी जोहान्सबर्ग-नतालमधल्या श्रीमंत कुटुंबांनी हिवाळी शिकारीसाठी घेतल्या. त्याच आज साबी सँड या नावाने ओळखल्या जातात. १९६० च्या दशकात तिथल्या मालामाला या मालमत्तेवर रॅट्रे कुटुंबाने बंदुकीऐवजी कॅमेरा घेऊन येणाऱ्या पाहुण्यांचा व्यवसाय उभारला. शेजारच्या लोंडोलोझीवर वार्टी बंधूंनी १९७० च्या दशकात तेच केले. तिथे बिबट्याला गाडीची सवय होऊ देण्याचे काम धीराने झाले आणि दिवसाउजेडी बिबट्या दिसणे ही साबी सँडची ओळख बनली. सरकारी उद्यानात गाडी रस्ता सोडू शकत नाही आणि रात्री स्वतःच्या गाडीने फिरता येत नाही; खासगी जमिनीवर दोन्ही चालते. मागावरून गाडी थेट झुडपात घालणे, एका प्राण्यापाशी ठरावीक गाड्याच थांबतील अशी रेडिओवरून व्यवस्था लावणे, या सगळ्यामागे खासगी मालकीचे स्वातंत्र्य आहे आणि लॉजचा दर पुष्कळ अंशी त्या स्वातंत्र्याचाच असतो. लाळ-खुरकताच्या भीतीने १९६० च्या सुमारास उभारलेले उद्यान आणि साबी सँड यांमधले कुंपण १९९३ मध्ये काढले गेले, तेव्हा क्रुगरचे प्राणी या जमिनींवर मोकळेपणी येऊ लागले.

मालकीचे हे तर्कशास्त्र १९९१ मध्ये आणखी पुढे गेले. पुरेशा कुंपणाने बंदिस्त केलेल्या जमिनीवरच्या वन्य प्राण्यांवर जमीनमालकाचा हक्क दक्षिण आफ्रिकेच्या कायद्याने त्या वर्षी पक्का केला. गुरे पाळणाऱ्या हजारो शेतकऱ्यांनी वन्य प्राणी पाळणे पसंत केले. त्यात शिकारीचा आणि प्राणिविक्रीचा धंदा मोठा, पर्यटनाचा त्यामानाने लहान. क्वाझुलू-नतालमधल्या जुन्या शेतजमिनींवर त्याच सुमारास उभे राहिलेले फिंडा हे याचे चांगले उदाहरण. हत्ती, सिंह, चित्ते तिथे बाहेरून आणून सोडले गेले. कुंपणातल्या लहान लहान क्षेत्रांतले चित्ते एकमेकांशी अदलाबदल करून टिकवावे लागतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या कुनोत आलेले दक्षिण आफ्रिकेतले १२ चित्ते अशाच राखीव क्षेत्रांतून आले, त्यांत फिंडाचेही होते. त्यांच्याबद्दल आपल्याकडे झालेल्या चर्चेत ही पार्श्वभूमी फारशी आली नाही. कुंपणातल्या व्यवस्थापनाला सरावलेला प्राणी कुंपण नसलेल्या देशात येत होता, हे तिच्यावरून लक्षात आले असते.

या सगळ्या खरेदी-विक्रीत आफ्रिकी माणूस खरेदीदार म्हणून नव्हता, कारण १९१३ च्या जमीन कायद्याने देशाच्या एका लहानशा हिश्श्याबाहेर त्याला जमीन घेण्यास बंदी केली होती. क्रुगरच्या उत्तर टोकाला, लिंपोपो आणि लुवुव्हू नद्यांच्या मधल्या पट्ट्यात राहणाऱ्या मकुलेके समाजाला १९६९ मध्ये बळाने हलवले गेले. जाताना स्वतःच्या झोपड्या त्यांना स्वतःलाच पेटवाव्या लागल्या. वर्णद्वेषी राजवट संपल्यावर त्यांनी दावा केला आणि १९९८ मध्ये सुमारे २२,००० हेक्टर जमीन त्यांना परत मिळाली. ते तिथे राहायला गेले नाहीत. जमीन उद्यानातच ठेवून, खाणी आणि शेतीवर पाणी सोडून त्यांनी संयुक्त व्यवस्थापनाचा करार केला आणि लॉज बांधण्याचे हक्क भाड्याने दिले. हा निर्णय त्यांच्यावर लादला गेला असे म्हणणे त्यांच्या वाटाघाटीतल्या चिकाटीवर अन्याय करणारे ठरेल. तरीही परत मिळालेल्या गावात घर न बांधण्याची अट मान्य करणे किती जड गेले असेल, हे विसरता येत नाही. २०१३ मध्ये मालामालाची जमीनही सरकारने विकत घेऊन दावेदार समाजाला दिली. तिथला लॉज पूर्वीच्या चालकांच्या भागीदारीत चालू राहिला.

बोत्स्वानाची वाट सुरुवातीपासून निराळी होती. तिथली बरीच जमीन गोऱ्या शेतकऱ्यांना वाटली गेली नव्हती. ती जमातींच्या ताब्यात राहिली. ओकावांगो त्रिभुज प्रदेशात बेसुमार शिकार होत आहे, हे पाहून बाटावाना जमातीने १९६३ मध्ये, देश स्वतंत्र होण्याच्या ३ वर्षे आधी, राजप्रतिनिधी पुलाने मोरेमी यांच्या पुढाकाराने आपल्या जमिनीतला मोठा भाग मोरेमी अभयारण्य म्हणून बाजूला ठेवला. या घटनेचा गौरव नेहमी होतो आणि तो योग्यच आहे. पण आतल्या बुकाक्वे सान (शिकार आणि कंदमुळांवर जगत आलेल्या मूळ रहिवाशांच्या) कुटुंबांना त्यासाठी उठून ख्वाई नदीच्या पलीकडे जावे लागले. जमातीने केलेले संरक्षण हे जमातीतल्या सर्वांत दुर्बळांचेही असतेच असे नाही.

ओकावांगोच्या पाण्याचे वेळापत्रक लॉजच्या दृष्टीने फार सोयीचे आहे. अंगोलाच्या डोंगरांत पडलेला पाऊस वाळूतून आणि पाणथळांतून हळूहळू वाहत येतो आणि इथे ऐन कोरड्या हिवाळ्यात, जून ते ऑगस्टच्या दरम्यान पूर चढतो. त्से-त्से माशीने या भागातून गुरांना दीर्घकाळ दूर ठेवले होते. युरोपला गोमांस विकायचे तर लाळ-खुरकत टाळण्यासाठी गुरे आणि रानम्हशी वेगळ्या ठेवणे भाग होते, म्हणून १९५८ पासून शेकडो किलोमीटरची कुंपणे उभी राहिली. कलहारीत पाण्याच्या शोधात निघालेले हजारो वाइल्डबीस्ट (कळपाने फिरणारी मोठी हरिणे) १९८० च्या दशकातल्या दुष्काळात या कुंपणांपाशी आणि त्यांच्या पलीकडच्या वाटेवर मेले. पर्यटकाला विमानातून दिसणारा अखंड हिरवा प्रदेश अशा कठोर रेषांनी घेरलेला आहे.

१९९० मध्ये सरकारने पर्यटन धोरण ठरवले : पर्यटक कमी, दर जास्त. त्रिभुज प्रदेशाचे तुकडे पाडून ते मुदतीच्या भाडेपट्ट्यांवर देण्यात आले, प्रत्येक तुकड्यात किती खाटा असाव्यात याला मर्यादा घालण्यात आली आणि माऊन या गावाहून लहान विमानांनी पाहुणे नेण्याची पद्धत पक्की झाली. निसर्गावरचा ताण खरोखर कमी राहिला. सामान्य बोत्स्वाना नागरिकाला स्वतःच्या देशातले हे वैभव पाहणे मात्र परवडेनासे झाले आणि बऱ्याच कंपन्यांची मालकी परदेशी राहिली. शिकारीवर २०१४ मध्ये बंदी आली आणि २०१९ मध्ये ती उठली. मधल्या काळात शिकारीच्या उत्पन्नावर चालणाऱ्या गावांचे काय झाले, हा बंदी उठवण्यामागचा एक मोठा मुद्दा होता. मध्य कलहारीत परिस्थिती अधिक कठोर होती. तिथल्या सान लोकांना १९९७ आणि २००२ मध्ये राखीव क्षेत्राबाहेर हलवण्यात आले. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांचा परतीचा हक्क मान्य केला, पण बंद केलेली कूपनलिका वापरण्याचा हक्क मिळवण्यासाठी त्यांना २०११ पर्यंत भांडावे लागले. त्याच राखीव क्षेत्रात तोवर पर्यटकांसाठी लॉज उघडले होते.

झांबियाचा वाटा आकाराने लहान, पण कल्पनेने मोठा आहे. १९५० मध्ये लुआंग्वा खोऱ्यातले वन्यजीव अधिकारी नॉर्मन कार यांनी न्सेफू या जमातप्रमुखांच्या संमतीने पाहुण्यांसाठी काही झोपड्या बांधल्या आणि आलेले पैसे प्रमुखांच्या समाजाला दिले. पायी सफारीही याच खोऱ्यात रुजली. पावसाळ्यात रस्ते बुडतात, म्हणून गवत-बांबूच्या छावण्या दर कोरड्या हंगामात नव्याने बांधण्याची रीत तिथे अजून आहे. झिम्बाब्वेतले ह्वांगे राष्ट्रीय उद्यान तर विहिरींवर उभे आहे. १९२८ मध्ये शेतीला निरुपयोगी म्हणून राखून ठेवलेल्या त्या कोरड्या प्रदेशात पहिले वॉर्डन टेड डेव्हिसन यांनी कूपनलिका खोदून पाणवठे तयार केले; आजचे हत्तींचे मोठे कळप त्या पंपांवर अवलंबून आहेत.

नामिबियाने कायदाच उलटा फिरवला. दक्षिण आफ्रिकेच्या अमलात असताना खासगी शेतांच्या गोऱ्या मालकांना वन्य प्राण्यांपासून उत्पन्न घेण्याचे हक्क मिळाले होते, सामूहिक जमिनीवरच्या आफ्रिकी समाजांना नव्हते. १९८० च्या दशकात वायव्येकडच्या कुनेने भागात दुष्काळ आणि चोरटी शिकार यांनी हत्ती व काळे गेंडे संपत आले असताना गार्थ ओवेन-स्मिथ यांनी गावप्रमुखांच्या मदतीने गावातलेच राखणदार नेमायला सुरुवात केली. स्वातंत्र्यानंतर १९९६ च्या दुरुस्तीने सामूहिक जमिनीवरच्या संस्थांनाही ते हक्क दिले, १९९८ मध्ये पहिल्या ४ संस्था नोंदल्या गेल्या आणि आज त्यांची संख्या ८६ आहे. देशाच्या सुमारे पंचमांश जमिनीवर त्या पसरल्या आहेत. तोर्रा संस्थेच्या जमिनीवरची डमारालँड छावणी अशा करारांपैकी अगदी सुरुवातीची. लॉज कंपनी चालवते, भाडे आणि नोकऱ्या गावाला मिळतात आणि राखणदारांचा पगार त्यातून निघतो.

या रचनेची कमजोर बाजू २०२० मध्ये उघडी पडली. विमाने थांबली, लॉज बंद झाले आणि राखणदारांच्या पगारासाठी सरकार व देणगीदारांना तातडीचा निधी उभारावा लागला. पाहुणे नसलेल्या त्या महिन्यांतही हत्ती विहिरींवर आणि शेतांत येत राहिले, सिंह शेळ्या उचलत राहिले आणि ते नुकसान ज्यांच्या अंगणात होते त्यांनाच सोसावे लागले.