चुओ लाइनची फास्ट गाडी आणि तीन स्थानकांचा वाद

टोक्योच्या चुओ लाइनवरची नारिंगी फास्ट गाडी सोमवार ते शुक्रवार कोएंजी, असागाया आणि निशि-ओगिकुबो या तीन स्थानकांवर थांबते. शनिवारी, रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी तीच गाडी तिन्ही स्थानकं सोडून पुढे जाते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा उलटा कारभार वाटतो, कारण गर्दीच्या दिवशी गाडी जास्त थांबते आणि निवांत दिवशी कमी. पन्नासहून अधिक वर्षं हा नियम टिकून आहे आणि त्यावरची कुरबुरही तितकीच जुनी आहे.

या मार्गाचा आरंभ खासगी कंपनीने केला. 1889 च्या एप्रिलमध्ये शिंजुकु ते ताचिकावा आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हाचिओजीपर्यंत रूळ पडले. हिगाशी-नाकानो ते ताचिकावा हा सुमारे 25 किलोमीटरचा तुकडा नकाशावर दोरी ताणल्यासारखा सरळ आहे. जुन्या हमरस्त्यांवरच्या गावांनी वाफेच्या इंजिनाला विरोध केला, म्हणून वैतागलेल्या अभियंत्याने मोकळ्या रानातून पट्टीने रेघ मारली, अशी कथा सांगितली जाते. कथा झकास आहे, पण तिला समकालीन कागदपत्रांचा आधार फारसा नाही. 1904 मध्ये इइदामाची ते नाकानो या भागात विजेच्या गाड्या सुरू झाल्या, 1906 मध्ये मार्ग सरकारने ताब्यात घेतला आणि 1919 मध्ये गाड्या टोक्यो स्थानकापर्यंत पोहोचल्या.

वादातली तिन्ही स्थानकं उघडली ती एकाच दिवशी, 15 जुलै 1922 रोजी. पुढच्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भूकंप झाला. जुन्या शहराचा पूर्वभाग जळून गेला आणि माणसं पश्चिमेला सरकली. नाकानोच्या पलीकडची शेतं बघता बघता घरांनी भरली. विजेची गाडी 1930 पर्यंत असाकावाला, म्हणजे आजच्या ताकाओला गेली होती. ही तीन स्थानकं मागाहून हट्टाने पदरात पाडून घेतलेले थांबे नाहीत, हे इथेच नोंदवलेलं बरं. दूरच्या उपनगरांना आज ती वाटेतली अडचण वाटतात, पण आताच्या वस्तीतला बराच भाग तिथे आला त्याच्या कितीतरी आधीपासून या फलाटांवर गर्दी होती.

खरी गाठ पडली ती 1933 मध्ये. त्या वर्षी ओचानोमिझु ते नाकानो दरम्यान दोनाच्या चार मार्गिका झाल्या. एका जोडीवर प्रत्येक स्थानकावर थांबणाऱ्या गाड्या आणि दुसऱ्या जोडीवर, सुरुवातीला फक्त गर्दीच्या वेळी, मधली स्थानकं गाळणाऱ्या गाड्या धावू लागल्या. नाकानोच्या पश्चिमेला मात्र मार्गिकांची एकच जोडी होती. त्यामुळे नाकानोपर्यंत फास्ट असलेली गाडी पुढे प्रत्येक स्थानकावर थांबे. बोरिवलीनंतर सगळीकडे थांबणारी विरार फास्ट ज्यांच्या परिचयाची आहे, त्यांना हा प्रकार वेगळा समजावून सांगायला नको. कोएंजी, असागाया, ओगिकुबो, निशि-ओगिकुबो या सुगिनामी वॉर्डातल्या स्थानकांवर जी गाडी येई, ती टोक्यो स्थानकाकडे थेट जाई. तीस-पस्तीस वर्षं असंच चाललं. घरं घेताना, भाडं ठरवताना, दुकानं टाकताना लोकांनी हे गृहीत धरलं.

युद्धानंतर गर्दी हाताबाहेर गेली. 1957 च्या अखेरीस या मार्गावर नव्या बनावटीच्या नारिंगी गाड्या आल्या, आणि तो रंग आजही मार्गाची ओळख आहे. गाड्या नव्या झाल्या तरी रूळ तेच होते. शेवटी साठच्या दशकात टोक्योकडे येणाऱ्या पाच मोठ्या मार्गांवर मार्गिका वाढवायची योजना आखली गेली आणि चुओ लाइन त्यांतली एक होती. एप्रिल 1966 मध्ये नाकानो ते ओगिकुबो आणि एप्रिल 1969 मध्ये ओगिकुबो ते मिताका चार मार्गिका झाल्या. आता नाकानोच्या पश्चिमेलाही स्लो गाड्यांना स्वतंत्र रूळ मिळाले.

इथून पुढे भांडण. रेल्वेचं म्हणणं सरळ होतं. स्लो गाड्यांसाठी एवढा खर्च करून जोडी टाकली, तर फास्ट गाडीने लहान स्थानकं सोडावीत, नाहीतर चार रूळ घालून मिळवलं काय? सुगिनामीकरांचं म्हणणंही तितकंच सरळ होतं. मार्गिका वाढवायला आमच्या वस्तीतून जागा गेली, बांधकामाची धूळ आम्ही खाल्ली आणि बदल्यात आमची थेट गाडी काढून घेणार? ओगिकुबोचा प्रश्न नव्हता. तिथे 1962 पासून भुयारी रेल्वे होती आणि फास्टचा थांबाही राहणारच होता. उरलेल्या तीन स्थानकांवर दुसरी रेल्वे नव्हती. साठच्या दशकाच्या अखेरीस तोडगा निघाला तो असा की कामाच्या दिवशी फास्ट थांबेल आणि रविवारी व सुट्टीला थांबणार नाही. पुढे शनिवारची सुट्टी सर्वत्र रूढ झाली, तेव्हा शनिवारही सुट्टीच्या वेळापत्रकात गेला.

या तोडग्याला रेल्वेप्रेमी मंडळी ‘स्थानिकांचा हट्ट’ म्हणून मोकळी होतात. हाचिओजीहून रोज तासभर उभं राहून येणाऱ्याला तसं वाटलं तर समजू शकतं. पण ओचानोमिझु ते मिताका या चार मार्गिका घातल्या कशा आहेत, ते या चर्चेत सहसा कुणी काढत नाही. फास्टची जोडी एका बाजूला आणि स्लोची जोडी दुसऱ्या बाजूला, अशी ही मांडणी आहे. त्यामुळे स्लोमधून उतरून फास्ट पकडायची तर बहुतेक ठिकाणी जिना चढून-उतरून दुसऱ्या फलाटावर जावं लागतं. क्योतो ते ओसाका दरम्यानही चार मार्गिका आहेत, पण तिथे एका दिशेच्या दोन्ही गाड्या शेजारी-शेजारी लागतात, म्हणजे समोरच्या दारात चढलं की झालं. चुओ लाइनवर तशी सोय मुख्यतः ओचानोमिझुला आहे आणि ते टोक्यो स्थानकाच्या अगदी जवळ आलं. पिवळी स्लो गाडी तर टोक्यो स्थानकाला जातच नाही, ओचानोमिझुहून ती अकिहाबारा आणि चिबाकडे वळते. सकाळी तीन स्थानकांची सगळी गर्दी नाकानोच्या जिन्यांवर लोटायची, असा त्या योजनेचा प्रत्यक्षातला अर्थ होता. मांडणी रेल्वेने निवडलेली होती. तिची किंमत कोण मोजणार, एवढ्यावरच खरं भांडण होतं.

भीती अनाठायी नव्हती, हे दोनच वर्षांत दिसलं. 1971 मध्ये शहराच्या ईशान्येच्या जोबान लाइनवर मार्गिका वाढल्या आणि कामेआरी, कानामाची यांसारख्या स्थानकांवर फास्ट गाडी थांबेनाशी झाली. तिथल्या स्लो गाड्या भुयारी मार्गात वळवल्या गेल्या. उएनोला जाणाऱ्याची थेट गाडी गेली आणि भुयारी मार्गाने शहरात जाणाऱ्याला भाडं जास्त पडू लागलं. तिथली ओरड आजही पूर्ण शमलेली नाही.

वेळेचा हिशेब पाहिला तरी सकाळच्या बाबतीत रेल्वेची बाजू लंगडी पडते. एक थांबा वगळला की ढोबळमानाने मिनिटभर वाचतं. सकाळी मात्र फास्टच्या मार्गिकेवर दर दोन मिनिटांना एक, तासाला तीसच्या आसपास गाड्या शहराकडे जातात. पुढची गाडी समोर असताना मागची कितीही पळाली तरी शेवटी ती सिग्नलपाशीच उभी राहते. टोक्यो स्थानकात या सगळ्या गाड्या फक्त दोन फलाटांवर उलट फिरतात. 1995 मध्ये शिन्कान्सेनसाठी जागा करायला चुओचे फलाट वरच्या मजल्यावर नेले, तरी ते दोनच राहिले. दुपारी आणि सुट्टीला मार्ग मोकळा असतो, त्या वेळी थांबे गाळण्यात अर्थ आहे. या हिशेबाने पाहिलं, तर तोडगा वरवर दिसतो तितका उफराटा नाही.

रेल्वेने वेग दुसऱ्या वाटेने मिळवलाच. 1967 मध्ये स्पेशल फास्ट आली. ती नाकानोनंतर थेट मिताका, मग कोकुबुंजी, मग ताचिकावा अशी जाते. 1986 पासून कामाच्या दिवशी सकाळी शहराकडे येणारी आणखी एक गाडी आहे, जी कोकुबुंजीनंतर एकदम शिंजुकुला थांबते. संध्याकाळी शहराबाहेर जाणारी तिसरी एक जात आहे. ती ओगिकुबो आणि किचिजोजीला थांबते, पण वादातली तिन्ही स्थानकं सोडते. म्हणजे ‘कामाच्या दिवशी फास्ट थांबते’ हे वचन साध्या फास्टपुरतंच उरलं आहे, आणि त्यावर तोडग्याच्या दिवसांइतका गदारोळ कधी झाला नाही.

सुट्टीच्या दिवशी कोएंजीचा फास्टचा फलाट रिकामा राहतो. ऑगस्टच्या शेवटी तिथे भरणारा आवा ओदोरी नृत्याचा उत्सव 1957 पासूनचा आहे आणि तो शनिवार-रविवारीच असतो. लाखो माणसं येतात त्या दोन दिवशी छापील वेळापत्रकातला थांबा नसतो. सुट्टीला दुकानं आणि कॅफे भरण्याची आजची रीत 1969 मध्ये कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती. कामाचे दिवस आणि सुट्टी ही विभागणी नोकरदार माणूस समोर ठेवून केली होती.

स्लोच्या जोडीवरून भुयारी तोझाई लाइनच्या गाड्याही मिताकापर्यंत येतात. 1966 मध्ये ओगिकुबोपर्यंत आणि 1969 पासून मिताकापर्यंत त्या धावू लागल्या. याच लाइनच्या पूर्वेच्या बाजूला निशि-कासाई आहे, जिथे संगणक क्षेत्रातल्या भारतीयांची मोठी वस्ती आहे आणि त्यात मराठी घरंही आहेत. मिताकाची पाटी लावलेली गाडी त्यांच्या रोजच्या पाहण्यातली, पण या वादाशी त्यांचा संबंध नाकानोच्या पुढे काही काम निघालं तरच येतो.

अलीकडचे बदल बहुतेक करून आणखी पश्चिमेचे आहेत. मिताका ते ताचिकावा मार्ग 2010 पर्यंत टप्प्याटप्प्याने उन्नत झाला आणि 18 फाटकं गेली. सकाळी ती इतका वेळ बंद असत की ‘न उघडणारी फाटकं’ हेच त्यांचं नाव पडलं होतं. उन्नत मार्गावर मार्गिका मात्र दोनच आहेत. उरलेली जोडी जमिनीखालून न्यायची योजना कागदावरच आहे. पश्चिमेच्या गाड्यांचा वेग अडतो तो मुख्यतः या दोन मार्गिकांच्या पट्ट्यात, पण चर्चेत दोषी ठरतात ती सुगिनामीची तीन स्थानकं.

मार्च 2020 मध्ये पहाटे आणि रात्री टोक्यो स्थानकातून सुटणाऱ्या, सगळीकडे थांबणाऱ्या नारिंगी गाड्या बंद झाल्या. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी या तीन स्थानकांवर पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत नारिंगी गाडी थांबत नाही. मग ग्रीन डबे, म्हणजे जादा पैसे देऊन बसायचे आरामदायी दुमजली डबे आले. 2015 मध्ये जाहीर झालेली ही सोय दोनदा लांबली, दुसऱ्यांदा सेमीकंडक्टरच्या टंचाईमुळे. ऑक्टोबर 2024 पासून काही महिने चाचणी म्हणून हे डबे फुकट होते. 15 मार्च 2025 पासून जादा आकार लागतो, कार्डावर 50 किलोमीटरपर्यंत 750 येन. टोक्यो स्थानकात गाडी झटपट रिकामी व्हावी म्हणून या डब्यांची दारं मुद्दाम रुंद ठेवली आहेत. गाडी 10 ची 12 डब्यांची झाली, तशी मार्गावरच्या फलाटांची लांबीही वाढवावी लागली. कोएंजी, असागाया आणि निशि-ओगिकुबोचे फास्टचे फलाटही आता 12 डब्यांचे आहेत आणि ते आठवड्याचे पाच दिवस वापरात असतात.