पेंग्विनांचा वाद: ‘मेरी पॉपिन्स’ची पार्श्वभूमी

दिवाळीच्या सुट्टीत घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ‘मेरी पॉपिन्स’ हा मुलं सांभाळणाऱ्या जादूगार आयेचा १९६४चा डिस्ने सिनेमा लावला. लिफ्टजवळच्या कागदावर कुणीतरी लिहिलं होतं, ‘मुलांसाठी कार्टून पिक्चर’. खाली दुसऱ्याच पेनाने दुरुस्ती होती, ‘कार्टून नाही, माणसांचा आहे’. साठ वर्षांपूर्वीचा वादही साधारण याच शब्दावरून झाला होता.

नौपाड्यात भाड्याच्या कॅसेटवर हा सिनेमा पाहिलेल्यांना बाकी काही आठवो न आठवो, खडूच्या चित्रात मारलेली उडी आणि तिथले कार्टूनमधले पेंग्विन वेटर आठवतातच. मूळ पुस्तकांची लेखिका पी. एल. ट्रॅव्हर्स हिला नेमका हाच भाग नको होता.

पहिलं पुस्तक १९३४चं. डिस्ने स्टुडिओ जवळपास वीस वर्षं सिनेमाच्या हक्कांच्या मागे होता. शेवटी बोलणी जमली ती लेखिकेला पटकथेवर संमतीचा अधिकार देऊन. १९६१मध्ये पटकथेवर ज्या बैठका झाल्या, त्या तिच्या आग्रहामुळे ध्वनिमुद्रितही झाल्या. ॲनिमेशनला तिचा विरोध होता. ऑगस्ट १९६४मध्ये पहिला खेळ झाला, त्याचं आमंत्रणसुद्धा तिला मागून घ्यावं लागलं. सिनेमा पाहिल्यावर ॲनिमेशन काढा, असं तिने सांगितलं. काढलं नाही. संमती होती पटकथेला. तयार सिनेमात काय ठेवायचं, ते स्टुडिओ ठरवणार होता. ठाण्यात फ्लॅट घेतलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. नकाशावर सही आपली, बांधकाम बिल्डरचं.

तिचा हट्ट विक्षिप्त होता असं सर्रास म्हटलं जातं. मला तसं वाटत नाही. पुस्तकातही चित्रात शिरण्याचा प्रसंग आहे, पण तिथे मुलं बरोबर नसतात. मेरी आणि तिचा मित्र सुट्टीच्या दिवशी दोघंच जातात आणि त्यांना चहा देणारा वेटर चक्क माणूस असतो. जादू रोजच्या जगाइतकीच खरी दिसावी, ही त्यातली गंमत. पेंग्विन आले की ‘हे कार्टून आहे’ म्हणून प्रेक्षक सैलावतो. अर्थात दहाव्या वर्षी मीही सैलावूनच पाहिलं होतं आणि कॅसेट परत करायच्या आधी तेवढा भाग रिवाइंड केला होता.

माणूस आणि चित्र एका चौकटीत आणणं १९६४मध्ये नवं नव्हतं. मूकपटांच्या काळापासून ते चालू होतं. इथली सफाई मात्र वेगळी होती. आज सगळे सरसकट ‘ग्रीन स्क्रीन’ म्हणतात, म्हणजे मागचं दृश्य नंतर बदलता यावं म्हणून नटांमागे लावलेला हिरवा पडदा, पण इथे हिरवं काही नव्हतं. नटांच्या मागे पांढरा पडदा होता, त्यावर सोडियमच्या दिव्यांचा पिवळा प्रकाश. एलईडी येण्याआधी आपल्या रस्त्यांवर जे दिवे होते, त्यांचाच हा जास्त शुद्ध पिवळा भाऊबंद. कॅमेऱ्यातला लोलक तेवढा पिवळा वेगळा काढून दुसऱ्या फिल्मवर टाकायचा, त्यामुळे माणसाची अचूक बाह्यरेखा आपोआप मिळायची. मेरीच्या टोपीवरची जाळी पाहा. धाग्याधाग्यांमधून मागचं चित्र दिसतं, निळ्या पडद्यामुळे कडेला यायची तशी निळसर झालर नाही. कॅसेटवर हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

पुढे २००४च्या रंगमंचीय आवृत्तीत पेंग्विन नव्हतेच. बागेतले पुतळे नाचले. २०१३मध्ये या भांडणावरच सिनेमा आला, पण तो काढला त्याच स्टुडिओने, त्यामुळे लेखिका शेवटी विरघळते यात नवल नाही. (पहिल्या खेळाला ती रडली होती हे खरं. का रडली, हे ज्याने त्याने आपापल्या सोयीने सांगितलं.) २०१८च्या पुढच्या भागात पेंग्विन परत आले, तेही हाताने काढलेले. २०२४मध्ये ब्रिटनमध्ये मूळ सिनेमाचं प्रमाणपत्र ‘यू’ (सर्वांसाठी) वरून ‘पीजी’ (पालकांच्या मार्गदर्शनाने) झालं, पण कारण होतं संवादातला एक वंशवाचक शब्द. त्याच वर्षी काही तंत्रज्ञांनी सोडियमच्या दिव्यांचा तो प्रयोग नव्याने करून पाहिला आणि पारदर्शक कापडाची कड तशीच स्वच्छ मिळवली.