हँडलच्या उंचीपेक्षा महत्त्वाचे त्याचे वळण

मोटारसायकलवर लांबच्या रायडिंगमध्ये करंगळी बधिर होऊ लागली की हमखास सल्ला मिळतो: उंच हँडल बसव. उंचीने पाठ सरळ होते, तळहातांवरचा भार घटतो, हे खरेच. पण दुखण्याचे मूळ पुष्कळदा हँडलची टोके मागे किती वळली आहेत यात असते.

मुठीत पेन्सिल सैलसर धरा, तळहात जमिनीकडे करा आणि हात पुढे न्या. मनगट मोडले नाही, तर पेन्सिल हाताला काटकोनात राहत नाही. अंगठ्याकडचे टोक पुढे, करंगळीकडचे मागे झुकते. बोटांच्या मुळांची रेघच करंगळीकडे मागे उतरते ना! त्यात हँडल रुंद असेल तर हात बाहेरच्या दिशेने फाकतात आणि हे झुकणे आणखी वाढते. सरळ दांडा मग मनगटाला अंगठ्याच्या बाजूला मोडतो. फार मागे वळलेला करंगळीच्या बाजूला. सरळ दांड्यावर पुढे झुकलेल्या धडाचे वजन तळहाताच्या मनगटालगतच्या, करंगळीकडच्या भागावर येते. नेमका तिथूनच अल्नर मज्जातंतू दोन छोट्या हाडांमधल्या अरुंद वाटेने, ज्याला गियॉनची नलिका म्हणतात, बोटांकडे जातो. तो दाबला गेला की करंगळी आणि अनामिकेची तिच्याकडची बाजू मुंग्यांनी भरते. अंगठा, तर्जनी, मधले बोट बधिर होत असेल, तर दाब मीडियन या दुसऱ्या मज्जातंतूवर आहे. तेव्हा मनगट वरच्या बाजूला मोडतेय का ते बघा. क्लॅम्प (हँडल मधोमध घट्ट धरणारी पकड) सैल करून हँडल थोडे फिरवले, क्लच-ब्रेकचे लिव्हर हाताच्या रेषेत आणले, तरी पुष्कळ फरक पडतो.

कंपने यात भर घालतात. एकसिलिंडर इंजिनाचा पिस्टन ३००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांना, सेकंदाला ५० वेळा वर-खाली होतो आणि तितकेच धक्के देतो. टोकांना वजने लावली की हँडलची नैसर्गिक कंपनसंख्या, म्हणजे ज्या गतीच्या धक्क्यांना ते सर्वात जास्त थरथरते ती, खाली येते आणि त्या वेगाला हँडल थरथरणे कमी होऊ शकते. मनगटात घातलेल्या तांब्याच्या कड्याने मात्र दबलेला मज्जातंतू मोकळा होत नाही. त्यामागे पैसे घालवू नका.

नवे हँडल घेताना क्लॅम्पचा व्यास जुळवा: २२ मिमी, २५.४ मिमी की २८.६ मिमी. उंची वाढली की क्लच केबल आणि ब्रेकचा पाइप अपुरा पडू शकतो. गाडी स्टँडवर, न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. इंजिनाचा आवाज चढला तर अॅक्सिलरेटरची केबल ताणली जातेय. तशी गाडी रस्त्यावर काढू नका.