ग्रिझलीचे पिल्लू शरदात ठरते

ग्रिझली म्हणजे उत्तर अमेरिकेतले तपकिरी अस्वल. त्याचा मीलनकाळ मे ते जुलै. पण गर्भ लगेच वाढीला लागत नाही. फलित अंड्याचा पेशींचा एक बारीक गोळा होतो आणि तो महिनोन् महिने गर्भाशयात नुसता तरंगत राहतो. नोव्हेंबरच्या सुमारास, मादी बिळात शिरण्याच्या वेळी, तो रुजतो. तेही तिच्या अंगावर पुरेशी चरबी असेल तरच. नसेल तर गर्भ तिथेच जिरून जातो. जानेवारी-फेब्रुवारीत जेमतेम अर्ध्या किलोची पिल्ले जन्मतात. तोंडात अन्नपाण्याचा कण न घेता आई त्यांना महिनोन् महिने दूध पाजते. हे सगळे शरदातल्या चरबीवर.

म्हणून शरदात हे जनावर अक्षरशः खातच सुटते, दिवसाला २०,००० कॅलरींपर्यंत. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या आसपासच्या उंच दगडी उतारांवर मैदानातून आलेले पतंग दिवसा धोंड्यांखाली लपतात. ग्रिझली एकेक धोंडा उलटवून ते चाटून घेते. एका दिवसात ४०,००० पतंगांपर्यंत. खांद्यावरचे वशिंड म्हणजे याच खणण्या-उलटवण्याचे स्नायू, आणि ५ ते १० सेंटिमीटर लांबीची, कमी वळलेली नखे ही त्याची कुदळ. अमेरिकेतल्याच काळ्या अस्वलाला वशिंड नसते आणि त्याची नखे आखूड, झाडावर चढण्याजोगी वाकडी असतात. रंगावरून मात्र ओळखू नये. काळी अस्वलेही तपकिरी असतात. मेळघाट-ताडोबातले आपले अस्वल ही तर निराळीच जात. भारतात ग्रिझलीच्या जातीचे म्हणावे असे एकच, काश्मीर-लडाखकडचे हिमालयीन तपकिरी अस्वल.

मादी साधारण चार ते सात वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा विते. पिल्ले बहुधा दोन, आणि ती दोन-तीन वर्षे आईजवळच राहतात. तोवर ती पुन्हा माजावर येत नाही. म्हणजे तीन वर्षांत एक वेत. एक वयात आलेली मादी मेली, तर तिची जागा भरून निघायला दशक जाऊ शकते.

अलास्का वगळून अमेरिकेच्या मुख्य भूमीवर १८०० च्या सुमारास अंदाजे ५०,००० ग्रिझली होत्या. १९७५ मध्ये त्यांना कायद्याचे संरक्षण मिळाले, तेव्हा ७००-८०० उरल्या होत्या. कॅलिफोर्नियाच्या ध्वजावर ग्रिझली आहे, राज्यात एकही नाही. आज मुख्य भूमीवर दोन हजारांवर आहेत, आणि यलोस्टोन परिसरातली संख्या १३६ वरून हजाराच्या घरात गेली आहे. हे मोठेच यश. तिथल्या अस्वलांचे संरक्षण २००७ आणि २०१७ मध्ये काढले गेले; न्यायालयाने २००९ आणि २०१८ मध्ये ते परत दिले. धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत तपकिरी अस्वल ‘कमी चिंतेचे’ आहे, पण तो शिक्का सैबेरियापासून अलास्कापर्यंतच्या अख्ख्या जातीचा; यलोस्टोनच्या एकाकी कळपाबद्दल तो काहीच सांगत नाही. तिथे बाहेरचे रक्त यावे म्हणून २०२४ मध्ये वायव्य मोंटानातून एक नर आणि एक मादी आणून सोडावी लागली.

आता प्रौढ ग्रिझली मरते ती बहुतेक माणसामुळे, आणि भांडणाचे मूळ पुष्कळदा क्षुल्लक असते: उघडा कचरा, पडलेली सफरचंदे, कोंबड्यांचे खुराडे. खुराड्याला विजेचे कुंपण हा खात्रीचा उपाय, पण तारेत किमान ६,००० व्होल्ट हवेत. दाट केसांतून झटका बसत नाही, तो ओल्या नाकाला बसला पाहिजे. म्हणून खालची तार जमिनीलगत ठेवतात. उन्हाळ्यात माती वाळली की अर्थिंग कमकुवत होते आणि कुंपण असूनही अस्वल आत शिरते. अशा जमिनीवर एक तार विजेची, एक अर्थिंगची अशा आलटून पालटून ओढतात.

मिरचीच्या अर्काचा फवारा चढाई करणाऱ्या अस्वलाला थोपवतो. तो पाठपिशवीत नव्हे, कमरेला हवा, आणि अस्वल साधारण ९ मीटरवर आले की किंचित खाली रोखून मारायचा. काही जण तो मच्छरांच्या औषधासारखा तंबूवर मारून ठेवतात. वाळलेल्या फवाऱ्याचा वास अस्वलांना उलट ओढून आणतो.