इंजिन ब्लॉक हीटर

इंजिन ब्लॉक हीटर म्हणजे गाडी बंद असताना इंजिन गरम ठेवणारा छोटा विजेवरचा हीटर. कॅनडा, अलास्का, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड असल्या मुलखात हा रोजचाच. कॅनडातल्या विनिपेग नाहीतर एडमंटनला हिवाळ्यात गाड्यांच्या पुढच्या जाळीतून वायर लोंबताना दिसते, नवीन माणसाला वाटतं इलेक्ट्रिक गाडी आहे, पण असते साधी पेट्रोलचीच. तिकडे बऱ्याच पार्किंगमध्ये गाडीसमोर खांबावर प्लगपॉइंटही असतात.

उणे 25-30 अंशाला होतं काय की ऑइल घट्ट होतं, इंजिन फिरवायला स्टार्टरला जास्त जोर लागतो आणि नेमकी तेव्हाच बॅटरीची ताकद निम्म्यावर आलेली असते, म्हणजे दोन्हीकडून मार. पेट्रोलची नीट वाफ होत नाही ते वेगळंच. डिझेलचं तर विचारूच नका, तिथे स्पार्क नसतो, दाबून तापलेल्या हवेवरच डिझेल पेटतं, आता ब्लॉकच, म्हणजे इंजिनचा मुख्य धातूचा भाग, गारठलेला असेल तर ती हवा तापणार कशी?

सगळ्यात चालणारा प्रकार कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवायला त्यात फिरणाऱ्या द्रवात, बुडणारा. ब्लॉकच्या अंगाला धातूची गोल बुचं असतात, त्यातलं एक काढून तिथे कॉइल बसवतात, साधारण 400 ते 1000 वॅटची. गरम कूलंट वर चढतं, थंड खाली येतं, असं पंप न चालताच फिरत राहतं. कूलंट नसताना चालू केला तर कॉइल जळते. इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या चेंबरला खालून चिकटवायचे हीटरपण मिळतात.

नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सच्या अँड्र्यू फ्रीमनला 1949 मध्ये याचं अमेरिकन पेटंट मिळालं. त्याच्या हीटरमध्ये हेडचा, म्हणजे ब्लॉकवरच्या झाकणाचा, एक बोल्ट काढून तिथे आतून तापणारा पोकळ बोल्ट बसवायचा. गंमत म्हणजे हा गृहस्थ तिथल्या वीज सहकारी संस्थेचा मॅनेजर!

रात्रभर प्लग लावून ठेवायची बऱ्याच जणांना सवय असते पण खरंतर 2 ते 4 तास पुरतात, त्यापुढे गरमी नुसती हवेत जाते. 500 वॅटचा हीटर दहा तास चालला तर 5 युनिट, टायमर लावून तीन तास चालवला तर दीड, म्हणजे टायमरचे पैसे लवकरच वसूल. एक्स्टेंशन मात्र बाहेर वापरायची जाड वायरच घ्यावी, घरातली थंडीत कडक होऊन तडकते. आणि निघताना प्लग काढायचा, हे सांगायला नको पण लोक विसरतात.

आपल्याकडे लडाखमध्ये ट्रकवाले टाकीखाली, चेंबरखाली जाळ करायचे, जे अर्थातच धोक्याचं. टाकीतलं डिझेलच गोठलं तर ब्लॉक हीटरही काही करू शकत नाही, त्याला डिझेलच वेगळं लागतं. इंडियन ऑइलने 2019 मध्ये तिथे विंटर डिझेल आणलं, ते उणे 33 पर्यंत वाहतं राहतं.