डर्टी बिटमॅप आणि फसलेले स्थलांतर

डर्टी बिटमॅप म्हणजे मागच्या बॅकअपनंतर व्हर्च्युअल मशीनच्या (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकाच्या) डिस्कचा कोणता भाग बदलला, याची बिटागणिक ठेवलेली नोंद. क्यूएमू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्कचे सहसा ६४ केबीचे तुकडे धरतात. तुकड्यावर काही लिहिले गेले की त्याचा बिट १ होतो. १ टीबीच्या डिस्कची नोंद त्यामुळे २ एमबीत मावते, आणि इन्क्रिमेंटल बॅकअपला फक्त १ असलेले तुकडे उचलावे लागतात. चालू मशीन एका होस्टवरून (मशीन चालवणाऱ्या प्रत्यक्ष संगणकावरून) दुसऱ्यावर नेताना, म्हणजे स्थलांतरात, मेमरीच्या बदललेल्या पानांचीही अशीच नोंद ठेवली जाते, पण तिचे काम स्थलांतराबरोबर संपते. डिस्कची नोंद पुढच्या बॅकअपपर्यंत टिकावी लागते. स्थलांतर फसले तरीही.

या नोंदीतल्या दोन चुका सारख्या नाहीत. जास्तीचा १ असला तर बॅकअप थोडा फुगतो, एवढेच. चुकीचा ० घातक असतो: बदललेला तुकडा बॅकअपमध्ये येतच नाही, बॅकअप यशस्वी झाल्याचा संदेश मात्र येतो, आणि बिघाड कळतो तो रिस्टोअर करताना. व्हीएमवेअर कंपनीच्या चेंज्ड ब्लॉक ट्रॅकिंग या अशाच नोंदीच्या सोयीत २०१४ साली असाच दोष उघडकीस आला. डिस्क वाढवताना १२८ जीबीची हद्द ओलांडली की बदललेल्या भागांची यादी चुकीची मिळत असे. तिथे स्थलांतराचा संबंध नव्हता, पण धोका हाच.

क्यूएमूमध्ये २०१७ पासून हा बिटमॅप क्यूकाऊ२ या प्रकारच्या डिस्क-फाइलमध्येच कायमचा ठेवता येतो. मशीन चालू असताना खरी नोंद मेमरीत असते आणि फाइलमधल्या प्रतीवर ‘इन-यूज’ अशी खूण असते. डिस्क नीट बंद झाली की मेमरीतली नोंद फाइलमध्ये उतरते आणि खूण निघते. होस्ट अचानक बंद पडला तर खूण तशीच राहते. पुढच्या वेळी तो बिटमॅप विसंगत ठरतो आणि काढून टाकण्यापलीकडे त्याचे काही करता येत नाही. हा कडकपणा योग्यच आहे.

सामायिक स्टोरेजवरील (दोन्ही होस्ट एकच डिस्क-फाइल वापरतात अशा) स्थलांतरात अडचणीचा क्षण हस्तांतराचा, म्हणजे डिस्कचा ताबा नव्या होस्टकडे जातो तेव्हाचा. त्याआधीच नेटवर्क तुटले तर मूळ होस्टवर नोंद जागेवरच असते. हस्तांतराच्या वेळी मात्र मूळ होस्ट डिस्क निष्क्रिय करतो, बिटमॅप फाइलमध्ये लिहितो आणि मेमरीतून काढून टाकतो. त्यानंतर नवा होस्ट कोलमडला, तर मूळ होस्टने डिस्क पुन्हा सक्रिय करून बिटमॅप फाइलमधून परत वाचणे आणि ‘इन-यूज’ खूण पुन्हा लावणे, हे गेस्टचे (व्हर्च्युअल मशीनमध्ये चालणाऱ्या सिस्टिमचे) पहिले लेखन होण्याआधी उरकावे लागते. नुसते मशीन पुन्हा सुरू केले आणि हे राहून गेले, तर त्यानंतरचे लेखन कुठेच नोंदले जात नाही.

दुसऱ्या पद्धतीत बिटमॅप फाइलमार्फत न जाता थेट नेटवर्कवरून पाठवतात. पाठवणी चालू असताना मूळ बिटमॅप ‘व्यस्त’ ठेवला जातो, म्हणजे तो कोणी पुसू किंवा दुसऱ्या कामाला लावू शकत नाही. स्थलांतर रद्द झाले की हे कुलूप काढावेच लागते. नाहीतर बिटमॅप शाबूत असूनही बॅकअप सुरू होत नाही. नव्या होस्टवर गेस्ट सुरू झाल्यावरही पाठवणी चालू राहू शकते. त्या वेळचे लेखन वेगळ्या बिटमॅपमध्ये टिपून शेवटी दोन्ही एकत्र करतात. ही पाठवणी अर्धवट तुटली तर गेस्ट चालूच ठेवतात आणि अपुरा बिटमॅप टाकून देतात.

फसलेल्या स्थलांतरानंतर बिटमॅपचे नुसते नाव यादीत दिसणे पुरेसे नाही. तो नोंद घेतो आहे का, व्यस्त तर नाही ना आणि विसंगत ठरला आहे का, हेही पाहावे लागते. शंका राहिली तर तो काढून नवा बिटमॅप तयार करतात आणि त्याच क्षणापासून पूर्ण बॅकअप घेतात.